श्वास फुंकून चाकू थांबत नाही

गेले काही दिवस सिस्टेमा नावाच्या रशियन युद्धकलेचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. आधी तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माझ्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर, आणि परवा आमच्या माहेरच्या ग्रुपवर. तिथं तो ताईनं टाकला होता आणि खाली विचारलं होतं, "पुढच्या रविवारी शिबिर आहे, पोरीचं नाव देऊ का?" तिची पोर, म्हणजे माझी भाची, आठवीपासून ज्युदो करते. रात्री तिचाच फोन आला. "मावशी, मी इतकी वर्षं नुसतं पडायला शिकतेय. हे एका दिवसात येतं म्हणे. खरंय का गं?"

खरं नाहीये. फोनवर पाच मिनिटांत सांगून संपण्यासारखंही नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते. मी ज्युदो शिकवते. असल्या थापांची किंमत उद्या माझ्यासमोर मॅटवर उभ्या राहणाऱ्या पोरींनाच मोजावी लागणार आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

ज्यांनी मेसेज पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचा मजकूर असा: सिस्टेमा ही रशियाची गुप्त युद्धकला आहे. हजार वर्षांपूर्वी कोसॅक योद्ध्यांनी ती घडवली, आणि तिचं मूळ आपल्या योगात आहे. स्टालिननं ती सामान्य माणसांना बंद केली आणि फक्त आपल्या अंगरक्षकांसाठी राखून ठेवली. आज पुतिन आणि त्यांचे कमांडो हीच वापरतात. हिला ताकद लागत नाही, फक्त श्वास आणि सैल शरीर. सिद्ध झालेला माणूस हातही न लावता हल्लेखोराला पाडतो. चाकू लागला तरी विशिष्ट पद्धतीनं श्वास फुंकला की वेदना आणि रक्त दोन्ही थांबतं. कराटे, ज्युदो हे नुसते खेळ, रस्त्यावर त्यांचा उपयोग शून्य. कोणतीही मुलगी हे एका दिवसात शिकू शकते. सोबत एक व्हिडिओ: लष्करी छपाईची पँट घातलेला धिप्पाड माणूस हवेत हात फिरवतो आणि त्याच्याकडे धावत येणारे तरुण एकामागून एक कोसळतात.

क्रमानं जायचं तर इतिहासापासून सुरुवात करायला हवी. पण हजार वर्षांच्या थापेनं कुणाचा जीव जात नाही. चाकूच्या थापेनं जाईल. म्हणून आधी तीच.

"विशिष्ट श्वासानं रक्त थांबतं." हे वाक्य ज्यानं कुणी लिहिलं, त्यानं आयुष्यात कधी खोल जखम बघितलेली नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीतली किंवा मानेतली मोठी धमनी कापली गेली तर ते वाहून जायला काही मिनिटं पुरतात. धमनीला पडलेलं भोक फुप्फुसांच्या हालचालीनं बुजत नाही. ते बुजवायला बाहेरून दाब लागतो, मग टाके लागतात, मग रक्त चढवावं लागतं. शांत श्वासानं घाबरलेल्या माणसाची धडधड थोडी कमी होते, एवढं खरं. पण "श्वास घे, सगळं थांबेल" असं डोक्यात भरलेली मुलगी नेमकी तीच मिनिटं श्वास मोजत घालवेल, ज्यांत तिनं पळायचं असतं आणि जखम दाबायची असते.

म्हणून इथंच लिहून ठेवते, इतर काही वाचलं नाही तरी चालेल. चाकू लागला तर आधी हल्लेखोरापासून लांब, माणसं असतील तिकडे. ओढणी, टॉवेल, शर्ट, जे हाताला येईल ते जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी जोरात दाबायचं. थांबलं का म्हणून उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवायचं. चाकू अंगात रुतलेला असेल तर तो उपसायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं. १०८ ला फोन. पोलिसांसाठी ११२. यात कुठंही गुप्त असं काही नाही आणि हे शिकायला कुठल्या शिबिराची फी भरावी लागत नाही.

हा श्वासाचा मुद्दा आला कुठून, तेही सांगायला हवं, कारण त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. सिस्टेमाच्या वर्गात मार लागल्यावर नाकानं आत आणि तोंडानं बाहेर असे छोटे, भराभर श्वास घ्यायला शिकवतात. ठोसा बसला की माणूस आपोआप श्वास कोंडतो, अंग आवळतो आणि जागच्या जागी गोठतो. ते गोठणं सुटावं म्हणून हा सराव. पोटात गुद्दा बसल्यावर, अंगठा मुरगळल्यावर, भीतीनं पाय जड झाल्यावर याचा उपयोग होतो, आणि मी स्वतः तो मॅटवर अनुभवलाय. पण कळ सोसण्यासाठी शिकवलेली गोष्ट कुणीतरी रक्तस्रावाला चिकटवली, आणि ती पुढे ढकलताना शंभर जणांपैकी एकालाही थांबावंसं वाटलं नाही.

चाकूबद्दल दुसरी थाप व्हिडिओतच आहे. हल्लेखोर हात लांब करून एक वार करतो आणि हात तिथंच, हवेत, ठेवून देतो. मग समोरचा सावकाश बाजूला होतो, मनगट धरतो, वळवतो, चाकू खाली. खऱ्या हल्ल्यात असं होत नाही. रिकाम्या हातानं कॉलर किंवा केस पकडले जातात आणि दुसरा हात कंबरेजवळून शिवणयंत्राच्या सुईसारखा आत-बाहेर होतो. तो हात पकडायला तुम्ही जाता तेव्हा तो आधीच मागं गेलेला असतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. आमच्या हॉलमध्ये मोठ्या मुलींना मी हे करायला लावते. एकीला जुना पांढरा टी-शर्ट, दुसरीच्या हातात लाल मार्कर, टोपण काढून. मार्करवालीला सांगायचं, व्हिडिओतल्यासारखा हात लांब ठेवायचा नाही, खरंच लागेल असं मारायचं. दुसरीला सांगायचं, चाकू काढून घे. पहिल्या झटापटीत ओरडणं, हसणं असतं. मग दोघी थांबतात आणि टी-शर्ट बघतात. कोपरापासून मनगटापर्यंत रेघा, पोटावर ठिपके, काखेत एक लांब ओरखडा, गळ्याच्या कडेला एक. बऱ्याचदा मनगट पकडता येतंसुद्धा, पण ते पकडेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं. मग तिसरीला तोच टी-शर्ट उलटा घालून उभी करते आणि सांगते, तू फक्त पळ, वाटेत ती खुर्ची आडवी टाक, आणि ओरड. तिच्या खांद्यामागं एखादी रेघ येते, कधी तीही येत नाही. हॉलमधलं हसणं तिथं थांबतं. यानंतर "चाकू कसा काढून घ्यायचा" असं मला कुणी विचारत नाही. "दार कुठल्या बाजूला उघडतं" असं विचारतात.

शिबिर घेणाऱ्यांनी हा मार्करचा प्रयोग स्वतःवर करून दाखवावा. त्यांच्या चेल्यानं नाही, बाहेरच्या कुणीतरी मार्कर धरून.

आता हात न लावता पाडण्याचं. यात सगळ्यात जास्त लोक अडकतात, कारण "मी डोळ्यांनी बघितलं" असं म्हणता येतं. डोळ्यांनी बघितलं ते खोटंच असतं असंही नाही. पडणारी मुलं पैसे घेऊन पडत नसतात. ती त्या गुरूकडे वर्षानुवर्षं शिकलेली असतात. रोजच्या सरावात संथ गतीनं, एकमेकांच्या हालचालीला प्रतिसाद देत काम करायचं असतं. जो अडून बसतो त्याला "तुझ्यात ताण आहे, सोड" असं सांगतात. हळूहळू शरीराला सवय लागते की गुरूनं खांद्याकडे हात नेला की खांदा मागं न्यायचा, आणि मग गुरूनं लांबून हात नेला तरी खांदा जातो. ढोंग नसतं, सवय असते. त्या सवयीच्या बाहेरचा माणूस समोर आला की सगळं संपतं.

हे फक्त माझं मत नाही, झालेलं आहे. जपानमध्ये यानागी र्‍युकेन नावाचे एक वृद्ध गुरू होते, हात न लावता शिष्यांच्या रांगा पाडायचे. त्यांनी उघड आव्हान दिलं आणि २००६ मध्ये एका मिश्र मार्शल आर्टच्या (एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाच्या) खेळाडूसमोर उभे राहिले. त्यांची शक्ती त्या माणसापर्यंत पोहोचलीच नाही. त्याचे ठोसे मात्र यानागींपर्यंत पोहोचले आणि काही क्षणांत तोंडातून रक्त आलं. त्यांचा स्वतःचा विश्वास होता की हे चालतं, म्हणून तर त्यांनी आव्हान दिलं. मला त्या म्हाताऱ्या माणसाची कीव येते. अमेरिकेत जॉर्ज डिलमन हेही असाच दावा करायचे. नॅशनल जिओग्राफिकच्या कार्यक्रमात बाहेरच्या, शंका घेणाऱ्या माणसावर त्यांच्या लोकांचा प्रयोग फसला, तेव्हा त्यांनी कारण दिलं की समोरच्याची जीभ तोंडात चुकीच्या जागी असेल किंवा त्यानं पायाचे अंगठे विशिष्ट प्रकारे ठेवले असतील. एखाद्या अंधाऱ्या गल्लीतल्या माणसाची जीभ कुठं आहे हे मुलीनं कसं बघायचं? चीनमध्ये २०१७ साली चेंगदू शहरात ताइ-चीच्या एका 'मास्टर'ला श्यू श्याओदोंग या मिश्र मार्शल आर्टच्या प्रशिक्षकानं काही सेकंदांतच जमिनीवर घेतलं. तो व्हिडिओ जगभर गेला.

हे तिघंही सिस्टेमाचे नव्हेत, हे मान्य. दावा मात्र त्याच जातीचा आहे, आणि तो जिथं जिथं परक्या, विरोध करणाऱ्या माणसासमोर तपासला गेला तिथं तिथं पडला आहे. अर्धसत्य एवढंच की डोळ्यांवर अचानक हात आला तर कुणीही दचकून मान मागं घेतो, आणि त्या क्षणी त्याचा तोल जातो. ही हूल आमच्याकडेही शिकवतात, कबड्डीतही वापरतात. तिनं क्षणभर मिळतो. माणूस कोसळत नाही.

मग सिस्टेमा म्हणजे निव्वळ थोतांड का? नाही, आणि इथं मला मेसेज लिहिणाऱ्याचा जास्त राग येतो, कारण त्यानं एका विचार करण्याजोग्या पद्धतीचं वाटोळं केलंय. आज जगभर सिस्टेमा म्हणून जे शिकवलं जातं ते मुख्यतः दोन-तीन माणसांच्या नावाशी जोडलेलं आहे: मॉस्कोचे मिखाइल र्‍याब्को, त्यांचे शिष्य व्लादिमीर वासिलिएव, ज्यांनी १९९३ साली कॅनडात टोरोंटोला शाळा काढली आणि तिथून हे पश्चिमेकडे पसरलं, आणि वेगळ्या धाटणीचे, दक्षिण रशियातल्या क्रास्नोदारचे अलेक्सेई कादोच्निकोव (१९३५–२०१९), जे तिथल्या लष्करी संस्थेत शिकवायचे आणि तरफ, तोल, कोन या यंत्रशास्त्राच्या भाषेत मारामारी समजावून सांगायचे.

र्‍याब्को-वासिलिएव यांच्या परंपरेत चार गोष्टी पाया मानतात: श्वास अखंड ठेवणं, अंग सैल ठेवणं, कणा सरळ ठेवणं आणि सतत हलत राहणं. पट्टे नाहीत, कराटेसारखे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, नाहीत. अतिशय सावकाश जोर काढायचे, एक जोर अनेक श्वासांत. लाकडी जमिनीवर लोळायला शिकायचं. जोडीदाराचा गुद्दा आधी हलका, मग थोडा जड, अंगावर घ्यायचा आणि त्याचा ताण कुठं साठतो ते बघायचं. थंड पाण्याच्या बादल्या अंगावर ओतायच्या. यातलं बरंच काही माझ्याही मुलींना उपयोगी आहे. घाबरलेली मुलगी सगळ्यात आधी खांदे वर घेते आणि श्वास कोंडते. तिला पाडायला मग ताकदच लागत नाही. "खांदे सोड, श्वास सोड" हे मी दिवसभर ओरडत असते.

पण त्या चार गोष्टींच्या मागचा विचार काय आहे ते बघा. त्यांच्या शिकवणीत स्वतःला ओळखणं हा मूळ हेतू आहे: आपली भीती कुठं आहे, राग कुठं आहे, गर्व कुठं आहे. ही माणसं रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन परंपरेतली आहेत. श्वासाबरोबर प्रार्थना जोडण्याची पद्धत त्या मठांतल्या साधूंची, आणि नम्रता हा त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारा शब्द. गुद्दे अंगावर घेण्याचा सराव कशासाठी? तर तुला मार लागणार आहे, हे शरीरानं मान्य करावं म्हणून. मेसेज नेमकं याच्या उलट विकतो: तुला कुणी हातही लावू शकणार नाही. ज्या तत्त्वज्ञानाच्या नावावर हे चाललंय, त्याच तत्त्वज्ञानात या अहंकाराला जागा नाही. "मूळ आपल्या योगात" या वाक्याचंही यातच उत्तर आलं. प्राणायाम आपला आहे, उत्तम आहे. म्हणून जगात जो कुणी श्वासाकडे लक्ष देईल त्यानं तो आपल्याकडूनच नेला असं होत नाही. दुसऱ्याच्या देवळातली घंटा आपली म्हणण्यानं आपला योग मोठा होत नाही.

इतिहासाचं भराभर उरकते, एक जागा सोडून. हजार वर्षांपूर्वी कोसॅक नव्हतेच. द्नीपर आणि डॉन नद्यांच्या काठचे कोसॅक इतिहासात दिसायला लागतात ते पंधराव्या शतकापासून. त्या कथेत दहावं शतक येतं ते सिस्टेमाच्या काही शाळांच्या प्रचारातून.

थांबायची जागा म्हणजे स्टालिन. "स्टालिननं कला लपवली" या ओळीत एका खऱ्या माणसाची गोष्ट गाडली गेली आहे. वासिली ओश्चेपकोव सखालिन बेटावर जन्मले, लहानपणीच अनाथ झाले, आणि शिकायला जपानमधल्या ऑर्थोडॉक्स मिशनच्या शाळेत गेले. तिथून १९११ साली ते तोक्योच्या कोदोकानमध्ये, म्हणजे जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या ज्युदोच्या मूळ संस्थेत, दाखल झाले. १९१३ साली त्यांना पहिला दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची पहिली पायरी, मिळाला, १९१७ साली दुसरा. त्या काळी परदेशी माणसाला हे मिळणं फार मोठी गोष्ट होती. पुढं त्यांनी मॉस्कोच्या शारीरिक शिक्षण संस्थेत ज्युदो शिकवला, त्यात रशियन परिस्थितीला साजेसे बदल केले: वेगळं जॅकेट, पायाचे लॉक, वेगवेगळ्या प्रांतांतल्या कुस्तीचे डाव. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांना जपानचा हेर म्हणून पकडलं आणि दहा दिवसांच्या आत मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. १९५७ मध्ये सरकारनं त्यांना निर्दोष ठरवलं. वीस वर्षांनी.

त्यांच्या मृत्यूनंतर तेरा महिन्यांनी, १६ नोव्हेंबर १९३८ रोजी, सोव्हिएत क्रीडा समितीनं हाच प्रकार अधिकृत खेळ म्हणून देशभर वाढवण्याचा आदेश काढला. तोच पुढं साम्बो झाला, 'शस्त्राविना स्वसंरक्षण' या रशियन शब्दांचं लघुरूप. ओश्चेपकोव यांचे विद्यार्थी अनातोली खार्लाम्पिएव यांचं नाव जनक म्हणून पुढं आलं, आणि जपान व ज्युदो हे शब्द अधिकृत इतिहासातून गेले. म्हणजे रशियन स्वसंरक्षणाची जी पद्धत खरोखर दडपशाहीतून गेली ती कुठल्या तळघरात अंगरक्षकांसाठी जपून ठेवलेली नव्हती. ती शाळा-कॉलेजांत, कारखान्यांच्या क्लबांत, दिनामो या पोलिसांशी जोडलेल्या क्रीडासंघात, सगळ्यांसमोर शिकवली गेली. दडपलं ते तिच्या शिक्षकाला. मेसेज पुढे ढकलताना आपण त्या माणसाचं नाव दुसऱ्यांदा पुसतो, आणि मला ते फार लागतं, कारण मी जे रोज शिकवते त्याचाच तो एक पूर्वज आहे.

पुतिन यांच्याबद्दल एका ओळीत: ते लेनिनग्राडमध्ये अनातोली राखलिन यांच्या हाताखाली साम्बो आणि ज्युदो शिकले, आणि दोन्हींत त्यांना सोव्हिएत 'मास्टर ऑफ स्पोर्ट्स' ही पदवी मिळाली. मेसेज ज्या ज्युदोला निरुपयोगी म्हणतो, तोच. राहिले कमांडो. काही सिस्टेमा शिक्षक लष्करी किंवा पोलिसी सेवेतून आलेत, हे नाकारत नाही. पण सैनिकाच्या हातात बंदूक असते, सोबत तुकडी असते, अंगात वर्षांचं कष्टाचं प्रशिक्षण असतं. त्यातला श्वासाचा तुकडा तेवढा काढून अकरावीतल्या पोरीला देऊन ती कमांडो होत नाही.

"ज्युदो-कराटे हे नुसते खेळ." यातलं खरं आधी मान्य करते. रस्त्यावर मॅट नसते, पंच नसतो, समोर एकच जण असेल याची खात्री नसते, आणि ज्युदोच्या नियमांत चाकूला उत्तर नाही. हे मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगते. पण खेळाला हसणाऱ्यांना एक गोष्ट कळलेली नाही. कानोंनी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले सगळ्यात घातक डाव मुक्त सरावातून बाजूला काढले ते मवाळपणा म्हणून नव्हे. घातक डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीनं करता येत नाही. करायचा तर संथ, लटका करावा लागतो. जो डाव पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या माणसावर, रोज करता येतो तोच अंगात मुरतो. आमच्याकडे त्याला रँडोरी म्हणतात. भाचीला वाटतं ती नुसती पडायला शिकतेय. ती शिकतेय की तिच्याहून जड मुलगी गी, म्हणजे ज्युदोचं जाड जॅकेट, घट्ट पकडून अंगावर रेलते तेव्हा गुदमरायला होतं, पण मरायला होत नाही. की पाठीवर आपटल्यावरही हात-पाय चालतात. हे कळायला पडावंच लागतं.

रशियालाही हे कळलेलं होतं. १९६४ साली तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला, तेव्हा सोव्हिएत संघानं साम्बोत तयार झालेले पैलवान पाठवले. ज्युदोचे नियम त्यांना नवे होते. चार वजनगटांच्या त्या स्पर्धेत त्यांनी चार कांस्यपदकं नेली, जपानमध्ये, जपानी प्रेक्षकांसमोर. हात न लावता नव्हे, जॅकेट पकडून.

आता शेवटचं आणि मुलींच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं: एका दिवसात. थोड्या तासांत काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. जून २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातला एक अभ्यास आला. शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुली घेतल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला फक्त माहितीपत्रकं, दुसऱ्याला तीन-तीन तासांची चार सत्रं. वर्षभरानंतर माहितीपत्रकांच्या गटात बलात्काराला बळी पडण्याचं प्रमाण ९.८ टक्के होतं, सत्रांच्या गटात ५.२. म्हणजे जवळपास निम्मं. बारा तासांत.

पण त्या बारा तासांत काय शिकवलं ते बघा. धोका कसा ओळखायचा, विशेषतः ओळखीच्या माणसाकडून येणारा. "तो असं करणार नाही, आपणच काहीतरी वाईट विचार करतोय" हा मनातला आवाज कसा बाजूला सारायचा. संकोच, उपकाराची भावना, लोक काय म्हणतील हे बाजूला ठेवून मोठ्यानं नाही कसं म्हणायचं. आणि मग, त्याच्या जोडीला, लाथ, कोपर, सुटका, अगदी साध्या गोष्टी. श्वासानं पाडणं नाही, चाकू हिसकावणं नाही. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत दरवर्षी दिसतं की बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. मेसेजमधला हल्लेखोर मात्र नेहमी अंधाऱ्या गल्लीत चाकू घेऊन उभा असतो. मुलीला त्या गल्लीसाठी तयार करायचं आणि घरी चहाला येणाऱ्या काकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही या शिबिरांची खरी खोट आहे. तो विषय काढला तर अर्धे पालक उठून जातील, म्हणून कुणी काढत नाही.

तेव्हा ज्यांनी रविवारसाठी नावं दिली आहेत त्यांनी आयोजकांना फोन करून हे विचारा. मार्कर आणि पांढऱ्या टी-शर्टचा प्रयोग बाहेरच्या माणसाला करू देणार का? जखम झाल्यावर काय करायचं ते शिकवणार का, आणि त्यात श्वासाशिवाय काय आहे? ओळखीच्या माणसाचा स्पर्श नको असेल तर काय बोलायचं, कुठं सांगायचं, यावर किती वेळ आहे? शिकवणारे स्वतः कुणाकडे, किती वर्षं शिकले? रविवारनंतर सराव कुठं आणि कुणासोबत? सिस्टेमाचा खरा, नेमानं चालणारा वर्ग कुठं असेल आणि शिक्षक या प्रश्नांना सरळ उत्तरं देत असेल, तर मुलीला जरूर पाठवा. मीही येऊन एक बादली थंड पाणी अंगावर घेईन. उत्तर टाळलं, किंवा "शंका घेणाऱ्यावर हे चालत नाही" असं म्हणाले, तर पैसे परत मागा.